विचार करण्यात येईल

‘विषय क्रमांक तीन. नवीन संकेतस्थळास मंजुरी. सूचक, शेटे सर.’ मुख्याध्यापक खटावकर सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘वाचा नाव.’

मी वाचलं. साइटच्या नावातच ‘सोयरीक’ हा शब्द होता, त्यामुळे लपवायला फारशी जागा नव्हती.

आमच्या संस्थेचे सचिव आप्पासाहेब डुबल खुर्चीत पुढे सरकले. ‘ह्ये लग्नाचं हाय का काय, मास्तर?’

‘समाजशास्त्राच्या दृष्टीनं उपयुक्त आहे,’ मी म्हणालो. ‘विवाहसंस्था वगैरे.’

‘आपल्या शाळेत समाजशास्त्र कधी सुरू झालं?’ नाईकनवरे बाईंनी विचारलं. बाई विज्ञान शिकवायच्या आणि निवृत्तीला आल्या होत्या. या दोन्ही कारणांनी त्या कुणाला घाबरत नसत.

मी खिडकीबाहेर बघितलं. मैदानावर सातवीची मुलं उन्हात कवायत करत होती. मला त्यांचा हेवा वाटला.

ही आमची ‘आंतरजाल दक्षता समिती’, आणि मी तिचा सदस्य सचिव. गोष्ट पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. कोळवडी हे आमचं गाव विट्यापासून एसटीनं तासाभरावर. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्यानं पुण्याहून संगणक पाठवले, वर इंटरनेटही जोडून दिलं. ते बघून आप्पासाहेब धास्तावले. पोरं त्यात काय काय बघतील! मी मुळात गणिताचा शिक्षक. पण सुट्टीत संगणकाचा एक कोर्स केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये घालून घरी लावलं होतं. त्या जोरावर मी सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, ‘काळजी नको. आपण जे उघडू तेवढंच उघडेल. बाकी सगळं जग बंद.’

‘सगळं जग बंद’ हे आप्पासाहेबांना इतकं भावलं की पंधरा ऑगस्टला मला शाल आणि नारळ मिळाला.

मग मला चेव आला. नवीन साइट उघडायची तर समितीचा ठराव पाहिजे, ठरावाला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, मंजुरीआधी सगळ्या समितीनं ती साइट आतून-बाहेरून तपासलेली पाहिजे, ही नियमावली मी लिहिली. पासवर्डचे दोन तुकडे करायची कल्पनाही माझीच. पहिला अर्धा खटावकर सरांकडे, दुसरा अर्धा आप्पासाहेबांकडे. एक जण टाइप करत असताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मला स्वतःला पासवर्ड ठाऊक नाही, याचा मला कोण अभिमान होता!

पहिल्या वर्षात समितीनं बोटांवर मोजण्याइतक्या साइट मंजूर केल्या. बोर्डाची, हवामानखात्याची आणि आप्पासाहेबांच्या भाच्याच्या ट्रॅक्टर शोरूमची, अशा. ज्ञानकोश नाकारला, कारण त्यात कुणीही काहीही लिहितं म्हणे. पक्ष्यांची साइट चांगली होती, पण सर वाचत असताना कडेला बनियनची जाहिरात आली. नकाशांची नाकारली, कारण तिच्यात वरून शाळेचे फुटके पत्रे दिसत होते आणि आप्पासाहेब म्हणाले, ‘देणगीदारानं बघितलं म्हंजी?’ मुलं संगणकाच्या तासाला ट्रॅक्टर बघत बसायची. आठवीच्या पोरांना सगळ्या मॉडेलांची हॉर्सपॉवर तोंडपाठ झाली होती.

गावात एक सायबर कॅफे होता. पालकांची सभा भरवून तोही मी बंद पाडला. त्याच्या मालकानं त्याच गाळ्यात चायनीजचं दुकान टाकलं आणि मी रस्त्यानं दिसलो की तो कढईत झारा जरा जास्तच जोरात आपटायचा.

आता माझी अडचण सांगतो. मी छत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा. आई-वडील गेलेले. माझ्यासाठी स्थळं बघून बघून मामांच्या चपला झिजल्या होत्या. कॅफे चालू होता तेव्हा मी गुपचूप त्या सोयरिकीच्या साइटवर नाव घातलं होतं. तिथे विट्याच्या वैजयंता माळवदे हिच्याशी दोनदा लिहिणं-बोलणं झालं. ती एसटीत कंडक्टर होती. मग माझ्याच कृपेनं कॅफे बंद झाला, आणि या बैठकीच्या आठवड्यात सोमवारी मोबाइलवर मेसेज आला की वैजयंता यांनी तुम्हाला संदेश पाठवला आहे. साइटवाले फोनवर संदेशाची नुसती सुरुवात दाखवायचे. ‘शनिवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर’ एवढंच दिसत होतं. पुढे टिंबं.

नाहीतर काय? संध्याकाळी विट्याला जावं तर तिथे लोडशेडिंग. दिवसा जावं तर शाळा बुडणार. शाळा बुडवायची तर रजेचा अर्ज, आणि अर्जात कारण. लग्नाची साइट बघायला रजा हवी, असं लिहायची माझी छाती नव्हती. म्हणून शुक्रवारच्या बैठकीत मी विषय क्रमांक तीन घुसवला. मला वाटलं, ट्रॅक्टरसारखा हाही चहाच्या आत मंजूर होईल.

‘नियमाप्रमाणे आतून तपासावं लागेल,’ खटावकर सर म्हणाले.

सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. सरांनी आपला अर्धा टाकला, मग आप्पासाहेबांनी एका बोटानं आपला अर्धा टाकला. साइट उघडली. वर आंब्याचं तोरण आणि मध्ये गणपती होता. आप्पासाहेबांनी हात जोडले.

‘पुढं जायला सभासदाचं नाव मागतंय,’ सर म्हणाले. ‘आपल्यात कुणी सभासद आहे का?’

मग एकेक मान माझ्याकडे वळली. मी खुर्ची ओढली, नाव टाकलं आणि माझं बिंग पडद्यावर आलं.

सर वाचू लागले. स्नेहसंमेलनात बक्षिसं जाहीर करतात तो आवाज. ‘दिगंबर शेटे. वय बत्तीस.’ ते थांबले. माझं सेवापुस्तक त्यांच्याच कपाटात होतं. ‘बत्तीस?’

‘जुनी माहिती आहे, सर.’

‘नोंदणी यंदाच्या जूनमधली दिसते.’ सर पुढे सरकले. ‘उंची पाच फूट आठ इंच.’

नाईकनवरे बाईंनी मला खालून वर पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

‘छंद, गिर्यारोहण.’

‘कवा?’ आप्पासाहेबांनी अगदी मनापासून विचारलं.

‘कोपऱ्यात लाल खूण आहे,’ बाई म्हणाल्या. ‘काहीतरी आलंय.’

‘तो खासगी संदेश आहे,’ मी म्हणालो.

‘समितीपुढे काही खासगी नसतं,’ सर म्हणाले. हेही वाक्य नियमावलीतलंच. लिहिताना ते मला फार भारदस्त वाटलं होतं.

त्यांनी ते उघडलं आणि त्याच आवाजात वाचलं. ‘शनिवारपर्यंत उत्तर द्या, नाहीतर रविवारी माझं दुसरीकडं ठरवतील. भाऊ पाहुणे आणतोय. त्यांना नोकरी सोडणारी मुलगी पाहिजे. मी सोडणार नाही. आठवड्यातून दोनदा मला मुक्कामी गाडी असते. रात्री मी घरी नसते, लग्नानंतरही नसणार. तुम्हाला चालेल का, एवढंच सांगा. तुमचं हो असेल तर घरात भांडायला मला जोर येईल. घरी फोन करू नका, तो भाऊ उचलतो.’

‘नाहीतर’च्या पुढे इतकं सरळ काही असेल असं मला वाटलं नव्हतं. ही बाई मला त्या क्षणी फार आवडली, आणि तिची भीतीही तेव्हाच वाटली.

‘मास्तराची बायकू एसटीत?’ आप्पासाहेब म्हणाले. ‘आन् रातच्याला परगावी मुक्काम? गावात त्वांड कसं दाखवणार तुमी?’

‘गावातल्या पोरी कॉलेजला त्याच एसटीनं जातात ना?’ बाई म्हणाल्या. ‘तिकीट फाडायला बाई चालते, घरात तेवढी चालत नाही होय?’

‘विषय भरकटतोय,’ सर म्हणाले. ‘संकेतस्थळ केवळ आजच्या बैठकीपुरतं मंजूर. अनुमोदक?’

‘मी,’ बाई म्हणाल्या. ‘आणि आता आपण सगळे बाहेर जाऊ. शेटे सर उत्तर लिहितील.’

‘तसं करता येणार नाही. शाळेतून बाहेर जाणारा मजकूर समितीनं तपासलेला हवा.’ सर माझ्याकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘तुमचंच कलम आहे.’

करावे तसे भरावे म्हणतात, पण इतक्या लगेच भरायची वेळ येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी लिहायला बसलो. ‘वैजयंता, तुमचा संदेश वाचून’ इतकं टाइप केलं.

‘नुसतं नाव बरं दिसत नाही,’ सर म्हणाले. ‘महोदया लिहा. महोदया, आपला संदेश प्राप्त झाला. आपल्या नोकरीस आमची हरकत नाही.’

‘तत्त्वतः,’ आप्पासाहेब म्हणाले. ‘तत्त्वतः हरकत न्हाई. उद्या मागं फिरायला वाट पायजे.’ त्यांनी साखर कारखान्याच्या दोन निवडणुका लढवल्या होत्या.

‘तत्त्वतः हरकत नाही,’ सरांनी दुरुस्त केलं. ‘मुक्कामी सेवेबाबत यथावकाश विचार करण्यात येईल.’

मी सगळं टाइप केलं. बाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. ‘शेटे सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? ती रात्री घरी नसली तर तुम्हाला चालणार आहे?’

प्रश्न सोपा होता. काहीतरी उत्तर आतून वर येतही होतं. पण तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझ्या तोंडून निघालं, ‘समितीला योग्य वाटेल ते.’

बाईंनी खुर्चीवरची पर्स उचलली. ‘माझी असहमती लिहा,’ त्या म्हणाल्या आणि नववीच्या तासाला निघून गेल्या.

मी इतिवृत्तात त्यांची असहमती लिहिली. मग उत्तर पाठवलं. खाली नाव टाकताना हाताच्या सवयीनं ‘दिगंबर शेटे, सदस्य सचिव’ असं टाकलं गेलं, हे माझ्या लक्षात साइट बंद झाल्यावर आलं.

शनिवारीही पूर्ण दिवस शाळा होती. तिसऱ्या तासाला खिशात मोबाइल थरथरला. वैजयंताचा संदेश होता. ‘तुमचं पत्र मिळालं. त्यात तुम्ही’ आणि पुढे पुन्हा टिंबं. मी वर्गाला गुणाकार घालून खटावकर सरांच्या खोलीकडे पळालो.

‘आप्पासाहेब कराडला लग्नाला गेलेत,’ सर म्हणाले. ‘माझ्या एकट्याच्या अर्ध्यानं काय होणार? सोमवारी बघू.’

‘सोमवारी उशीर होईल, सर. मला आत्ता विट्याला जायचंय.’

‘जा की. मी कुठं नाही म्हणतोय? अर्ज द्या.’ त्यांनी कोरा कागद पुढे केला, वर आपलं पेनही दिलं. माणूस वाईट नव्हता.

मी उभ्यानंच लिहायला लागलो. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, मला आज दिनांक अमुक रोजी. कारणापाशी आलो आणि पेन अडलं. घरगुती म्हणावं, तर घरात मी एकटा. आजारपण म्हणावं, तर मी समोर धडधाकट उभा. मला लग्न करायचंय, हे तीन शब्द अर्जात कुठल्या ओळीत बसतात ते मला सुचेना. रस्त्यावरून एसटीचा हॉर्न आला. मी पेनाला टोपण लावलं आणि अर्धा अर्ज तसाच टेबलावर ठेवला.

‘येतो, सर.’

‘अहो, पण कारण?’

‘आहे, सर,’ मी म्हणालो आणि निघालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत शाळा चालू असताना मी विनापरवानगी फाटकाबाहेर पहिल्यांदाच पडत होतो. याला धाडस म्हणायचा मोह होतो, पण एसटीत बसल्यावरही मी खटावकर सर मागून येतायत का ते बघत होतो.

विट्याच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ पान लावत बसले होते.

‘माळवदे कंडक्टर आहेत का?’

‘तुमी कोण?’

‘दिगंबर शेटे. कोळवडीच्या शाळेत शिक्षक आहे.’

‘काम काय?’

‘वैयक्तिक,’ मी आवाज खाली घेऊन म्हणालो.

त्यांनी पान गालात सरकवलं, माइक ओढला आणि सबंध स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘वाहक माळवदे, वाहक माळवदे. कोळवडीचे शेटे मास्तर तुमच्याकडं वैयक्तिक कामाला आल्यात. चौकशीपाशी यावं.’ आणि कुणाचं ऐकायचं राहिलं असेल म्हणून पुन्हा एकदा सांगितलं. शेंगदाणे विकणारी म्हातारी पाटी उचलून जवळ येऊन बसली.

ती विश्रांतिगृहातून आली. अंगावर खाकी, खांद्याला चामड्याची बॅग, काखेत तिकिटांची पेटी. माझ्यापेक्षा चांगली चार बोटं उंच.

‘शेटे?’

‘हो.’

‘सदस्य सचिव?’

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

‘माझं उत्तर वाचलं?’ तिनं विचारलं.

‘नाही. शाळेत ती साइट बंद आहे.’

‘कुणी केली?’

‘मी.’

‘मग उघडायची.’

‘अर्धा पासवर्ड कराडला गेलाय,’ मी म्हणालो. ‘लग्नाला.’

तिच्या तोंडावर हसू आलं होतं, पण तिनं ते परतवलं. ‘मग तोंडीच सांगते. गाडीला थोडा वेळ हाय. मी लिवलंय, तुमचं पत्र मिळालं, त्यात तुम्ही कुठंच दिसला न्हाईत. विचार करण्यात येईल. कोण करणार विचार? आजवर ज्यांनी ज्यांनी मला लिवलं, त्यांनी पगार विचारला, न्हाईतर नोकरी कधी सोडणार ते विचारलं. तुम्ही पहिल्यांदा लिवलं तेव्हा विचारलं होतं, दिवसभर उभं राहून पाय दुखतात का. म्हणून मी परत तुम्हाला लिवलं. तो माणूस कुठं गेला?’

त्या माणसावर समिती बसली होती.

‘आलाय,’ मी म्हणालो. ‘अर्ज न देता आलाय.’ शेंगदाणेवाल्या म्हातारीनं कानावरचा पदर मागे घेतला.

‘मग द्या की उत्तर. चालेल का?’

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. ‘वैजाताई, टाइम झाला,’ ड्रायव्हर ओरडला.

तिनं बॅगचा पट्टा सारखा केला. ‘इथं नको. उद्या सकाळी घरी या, भावापुढं सांगा. आणि एकटं या. घरात मला सभा नको.’

आमच्याकडे सोयरीक घेऊन कुणी एकटं जात नाही. मामा लागतो, चुलता लागतो, गावातला एखादा वजनदार माणूस लागतो. नवऱ्या मुलानं नुसतं बसायचं आणि विचारलं तर नाव सांगायचं. रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच माळवद्यांच्या दारात उभा राहिलो. बाहेर एक जीप लागलेली होती आणि बाहेरच्या सोप्यात सतरंजीवर पाहुणे बसले होते. मधोमध बसलेला नवरा मुलगा सिमेंटचा ठेकेदार. शेजारी त्याची आई आणि चार-पाच माणसं. मी सतरंजीच्या कडेला टेकलो. भावाला वाटलं मी पाहुण्यांकडचा, आणि पाहुण्यांना वाटलं मी घरचा. त्यामुळे मला दोन्हीकडून आग्रह झाला आणि माझे दोन चहा झाले.

दुसरा कप खाली ठेवताना भावानं विचारलं, ‘तुमी मुलाचे कोण?’

‘कुणी नाही,’ मी म्हणालो. ‘मी वैजयंतांना विचारायला आलोय. लग्नाचं.’

भावाची नजर दाराकडे गेली. ‘संगट कोण आलंय?’

‘कुणी नाही.’

‘मग तुमच्याकडनं बोलणार कोण?’

‘मीच.’

पाहुण्यांमधला एक म्हातारा ‘कलियुग’ असं काहीतरी पुटपुटला. भाऊ उठायच्या बेतात होता. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि वैजयंता आली. मुलगी बघायला आलेल्या सगळ्यांच्या माना आधी साडीचा काठ शोधत खाली गेल्या आणि मग गोंधळून वर आल्या. ती खाकी ड्रेसमध्ये होती.

‘मला दुपारची मुक्कामी गाडी हाय,’ ती म्हणाली. ‘ज्यांना चालत न्हाई त्यांनी आत्ताच सांगा. उगं कुणाचा वेळ नको जायला.’

‘आमी आधीच कळवलं हुतं, नोकरी नको म्हणून,’ ठेकेदाराची आई म्हणाली.

‘मी पण दादाला सांगितलं होतं, सोडणार न्हाई म्हणून.’

‘वैजे!’ भाऊ ओरडला. आईबाप गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं, त्याच्या डोळ्यांत राग होता तितकीच काळजीही होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे वळली.

‘तुम्ही?’

पुन्हा तेच. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. आणि ही समिती आमच्या समितीच्या दुपटीनं मोठी होती. ‘चालेल’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, तो शब्द जिभेवर तयारही होता. पण तिच्या तोंडाकडे बघून तो मला पोकळ वाटला.

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो.

भावानं कपाळावर हात मारला.

‘खरंच माहीत नाही. मी आजवर रात्रभर कुणाची वाट बघितलेली नाही. माझ्या घरात वाट बघावी असं कुणी नव्हतंच. आज बघतो आणि सकाळी सांगतो. तुमची गाडी परत येईल तेव्हा मी स्टँडवर असेन.’

‘येडं हाय का काय ह्ये?’ भाऊ पाहुण्यांना म्हणाला, आणि पाहुण्यांनी सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याशी एकमत दाखवलं. वैजयंता तिकिटांची पेटी उचलून ड्युटीवर गेली. जीपही गेली. मी स्टँडवर गेलो.

त्या रात्रीचं काय सांगू? बाकावर डास होते, पंखा नव्हता, आणि चौकशीचे गृहस्थ ड्युटी संपवून जाताना मला ‘अजून वैयक्तिक काम हाय व्हय?’ असं विचारून गेले. मी घाट डोळ्यांपुढे आणला, निकामी ब्रेक आणला, दारू पिऊन चढलेले प्रवासी आणले. मुक्कामाच्या गावात तिला जेवायला काय मिळालं असेल, ती कुठे निजली असेल, दाराला कडी असेल का, हे सगळं माझ्या डोक्यात फिरत राहिलं. पहाटे पहिल्या गाड्या लागल्या, माणसं उतरली, तिची गाडी काही येईना. सोमवारची शाळा भरायची वेळ झाली. कोळवडीत प्रार्थना सुरू झाली असणार आणि खटावकर सर माझ्या नावापुढे काय लिहावं या विचारात असणार. मी नव्या माणसाशी चौकशीच्या खिडकीत भांडलो. गाडीला उशीर झाला तर इथे कळत कसं नाही, म्हणून मी चक्क आवाज चढवला. तो म्हणाला, ‘पंक्चर असंल, सायेब, घरचं कोण हाय का गाडीत?’

गाडी आली तेव्हा ऊन वर आलं होतं. माणसं उतरली, कोंबड्यांची एक पाटी उतरली, आणि सगळ्यांत शेवटी ती. केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले, बाहीला टायरचा काळा डाग. मला बघून ती पायरीवरच थांबली.

‘तुम्ही खरंच थांबला?’

‘हो.’

‘शाळा?’

‘भरली असेल.’

ती खाली उतरली, माझ्यापुढे उभी राहिली. ‘मग सांगा आता. चाललं का?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘अजिबात चाललं नाही. रात्रभर जीव थाऱ्यावर नव्हता. डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी वेळेवर आली नाही तेव्हा तर मी त्या चौकशीवाल्याशी भांडलो.’

तिचा चेहरा उतरला. तिनं मान हलवली, ‘बरं’ म्हणाली आणि हिशेब भरायला खिडकीकडे निघाली. हे ‘बरं’ तिनं याआधीही बऱ्याच जणांना म्हटलेलं असणार, इतक्या सवयीनं ते आलं.

‘अहो, थांबा,’ मी तिच्यामागे गेलो. ‘तुमची पुढची मुक्कामी गाडी कधी आहे?’

‘कशाला?’

‘वाट बघायला.’

ती वळली. या वेळी हसू आलं ते तिनं परतवलं नाही.

‘गुरुवारी,’ ती म्हणाली.